नदी दिसते, पण पाणी नाही: मार्चमधला माणिकगड

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, किंवा माझ्यासारखे कळंबोली सिग्नलला अडकलेले असाल, तरी वीस मिनिटं काढा. आज गोष्ट सांगायची आहे. थोडी लाज वाटणारी गोष्ट आहे, म्हणून इतके दिवस टाळत होते.

झालं काय, गेल्या महिन्यात बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ताई, पनवेलजवळ शांत ट्रेक सांग ना, कलावंतीण सोडून. कारण कलावंतिणीला शनिवारी रात्री गेलात तर पायऱ्यांवर रांग लागते. सेल्फीसाठी वेगळी रांग. आपण गर्दीतून सुटायला डोंगरावर जातो आणि तिथे ठाणे स्टेशनचा पूल भेटतो.

तर उत्तर आहे माझ्याकडे. माणिकगड. पण नुसतं नाव सांगून मी मोकळी होणार नाही. कारण त्याच शांत वाटेवर मी माझ्या धाकट्या भावाला जवळजवळ उन्हात आजारी पाडून बसले होते. तो भाग आधी ऐका, मग बॅग भरा.

आधी जागा सांगते. पनवेलहून मोहोपाडा, रसायनी करत वाशिवलीकडे जायचं. रसायनी म्हणजे नावातच सगळं आलं. १९६० मध्ये हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी सुरू झाली आणि नंतर इथे कारखाने वाढत गेले. त्या चिमण्यांच्या मागे जो डोंगर उभा आहे तो माणिकगड. उंची साधारण ५७० मीटर. फार नाही. इतिहासात नाव आहे, पण छोटं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे २३ किल्ले मोगलांना दिले त्यांत शेजारचा कर्नाळाही होता आणि माणिकगडही. कर्नाळ्याला अभयारण्य आहे, हायवे आहे, सुळका आहे, त्यामुळे तिकडे सगळे जातात. माणिकगडला पावसाळ्यात ग्रुप येतात. पण फेब्रुवारी संपला की वाट रिकामी. मार्चमध्ये आम्ही गेलो, तर पूर्ण दिवसात वाटेवर एकही ट्रेकर भेटला नाही.

मला तेव्हा वाटलं, वा, काय नशीब. आता कळतं, ते नशीब नव्हतं. बाकीचे शहाणे होते.

बघा, आपल्याला वाळवंट म्हटलं की राजस्थान आठवतं. वाळू, उंट वगैरे. पनवेलला कुठलं वाळवंट! इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जैसलमेरला वर्षभरात दोनशेच्या आतबाहेर. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे जैसलमेरची चार-पाच वर्षं एका दिवसात.

पण आपला पाऊस चार महिन्यांचा. आणि आपला डोंगर आहे बेसॉल्टचा, म्हणजे काळा पाषाण. त्यात पाणी सहज मुरत नाही. भेगा असतील तिथे थोडं थांबतं, बाकी सगळं ओढ्यांतून धावत खाली खाडीला. ऑक्टोबरपर्यंत झरे वाहतात, डिसेंबरपर्यंत कुठेकुठे ओल असते, आणि मार्चमध्ये तोच डोंगर तुम्हाला ओळखू येत नाही. जुलैमध्ये जिथे धबधब्याखाली रील काढलं होतं तिथे नुसते गरम दगड. सागाची पानं गळलेली, त्यामुळे झाडं आहेत पण सावली नाही. त्यात वणवा लागून गेला असेल तर संपलंच. आमच्या वाटेवरचा एक अख्खा उतार काळा झाला होता. पाय टाकला की राख उडायची. वाळू नव्हती एवढंच.

तरी एक सांगते, सुंदर होतं. खोटं का बोलू. पळस पेटल्यासारखा फुललेला, काटेसावरीवर पक्ष्यांचा बाजार. तांबट पक्षी दूर कुठेतरी भांडी ठोकल्यासारखा टुकटुक करतोय. बाकी काही नाही. फोनला रेंज नाही, म्हणजे ऑफिसचा टिंग टिंग नाही. स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता. आणि धारेवर आल्यावर मागे वळून पाहिलं, तर समोर कर्नाळ्याचा अंगठा, पलीकडे प्रबळगडाचं पठार, इर्शाळचा सुळका, आणि खाली पाताळगंगा. सगळा मुलुख पिवळा, करपलेला, आणि त्यात ही नदी चक्क पाण्याने भरलेली. वळणं घेत चाललेली, उन्हात चमकणारी. मी तिचे चाळीस तरी फोटो काढले असतील.

हे चाळीस फोटो लक्षात ठेवा. परत येते तिकडे.

आता चुका. ओळीने सांगते.

चूक नंबर एक. आदल्या रात्री आमचं रिलीज होतं. दीड वाजता लॅपटॉप बंद केला. पाचला निघायचं ठरलं होतं, उठलो सातला. पायथ्याच्या वाडीतून चालायला सुरुवात केली तेव्हा सव्वानऊ झाले होते. पावसाळ्यात चालतं हो. मार्चमध्ये सव्वानऊ म्हणजे उशीर नाही, तो दुसरा दिवसच.

चूक नंबर दोन. पाणी. आम्ही तिघं होतो. मी, भाऊ आणि माझी ऑफिसमधली मैत्रीण. प्रत्येकी दीड लिटर. मी म्हटलं, बास, गडावर टाकी आहेत, वर भरून घेऊ. फोनवर फोटो होता ना माझ्याकडे! दगडात खोदलेलं टाकं, काठोकाठ भरलेलं, कडेला हिरवं गवत. तो फोटो सप्टेंबरमधला होता. तारीख खाली लिहिलेली होती. मी वाचली नाही. रोज दुसऱ्यांच्या कोडमध्ये जुना डेटा शोधणारी मी, स्वतः सहा महिने जुन्या फोटोवर तीन माणसांचं पाणी ठरवलं.

चूक नंबर तीन, आणि ही सगळ्यांत मोठी. वाडीतून निघताना एक काका भेटले. त्यांनी आमच्या बाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता चाललात? वर पानी नाय.” एवढंच. आणि मी काय केलं? हसून “हो काका, आहे आमच्याकडे” म्हटलं आणि पुढे गेले. ज्या माणसाचं आयुष्य त्या डोंगरावर गेलंय तो सांगतोय, आणि मी फोनमधल्या फोटोवर विश्वास ठेवतेय.

अकराच्या सुमाराला आम्ही त्या जळक्या उतारावर होतो. भाऊ माझा बडबड्या आहे. क्रिकेट, बाईक, वेबसिरीज, तोंड बंद नसतं. तो गप्प झाला होता. मला वाटलं, दमला असेल. मग दोनदा ठेचकाळला. मी विचारलं, “काय रे, ठीक आहेस ना?” तर म्हणाला, “हो ताई, डोकं जरा जड झालंय, चल तू.” आता हे ‘चल तू’ सगळ्या धाकट्या भावांचं असतं. बहीण पुढे चालतेय, तिची मैत्रीण चालतेय, आणि मी कसा बसू! आणि माझ्याही डोक्यात तेच होतं. अजून चाळीस मिनिटं, मग माथा. इथपर्यंत आलोय तर...

दहा मिनिटांनी तो एका दगडाला धरून ओकला.

हात लावला तर अंग घामाने थबथबलेलं आणि गार. उन्हात उभा असलेला माणूस गार! पोटऱ्यांत गोळे आलेले. तिघांत मिळून पाणी उरलं होतं अर्ध्या लिटरहून कमी. फोनला रेंज नाही. आणि खाली, अगदी समोर, ती भरलेली नदी. हात लांब केला तर बुडेल असं वाटावं इतकी जवळ. एका घोटाचाही उपयोग नाही.

त्या क्षणी ती नदी मला सुंदर वाटली नाही. राग आला तिचा.

मैत्रीण माझ्यापेक्षा शहाणी निघाली. तिने जवळच एका मोठ्या खडकाची सावली शोधली. त्याला आडवं केलं, पाय बॅगवर ठेवले, बूट काढले. तिच्याकडे ओआरएसचं एक पाकीट होतं. मी म्हटलं, टाक सगळं. ती म्हणाली, थांब, हे पाकीट एक लिटरचं आहे, एवढ्याशा पाण्यात सगळं टाकलं तर उलट त्रास होईल. अंदाजाने अर्ध्याहून कमी टाकलं आणि घोटघोट दिलं. मी ओढणी ओली करून त्याच्या मानेवर ठेवली आणि टोपीने वारा घालत बसले. मध्येमध्ये प्रश्न विचारत होते. आपला पिनकोड सांग. “४१०२०६.” आईचा मोबाईल नंबर सांग. सांगितला. उत्तरं बरोबर येत होती, म्हणून माझा जीव जाग्यावर होता.

हे प्रश्न का विचारायचे ते सांगते, कारण हे प्रत्येकाला माहीत पाहिजे. शरीर गार राहतं ते घामाने. घाम वाळतो तेव्हा उष्णता घेऊन जातो. कोकणपट्टीत हवेत दमटपणा असतो, त्यामुळे घाम नीट वाळत नाही. घाम येत राहतो, पाणी आणि मीठ जात राहतं, आणि गारवा मात्र मिळत नाही. पहिली पायरी म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गोळे, गार ओलं अंग. इथे थांबलात, सावली आणि पाणी दिलंत, तर माणूस सहसा सावरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, बेशुद्ध झाला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. तेव्हा शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. मग वाट बघायची नाही. १०८ ला फोन, आणि मदत येईपर्यंत मिळेल त्या पाण्याने अंग भिजवायचं, मान, काखा, जांघा, आणि वारा घालायचा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, विदर्भात ४५ मध्ये लोक राहतात. बरोबर. पण आपल्याच तालुक्यात, खारघरच्या मैदानावर, १६ एप्रिल २०२३ ला उघड्या उन्हात झालेल्या सरकारी कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. फोनवरचा आकडा ३७-३८ दिसतो आणि आपल्याला वाटतं, ठीके, चालतंय. तो आकडा सावलीतला असतो. दमट हवा, डोक्यावर सूर्य, पायाखाली तापलेला दगड, हे त्या आकड्यात नसतं.

असो. अर्ध्या तासाने भाऊ उठून बसला आणि पहिलं वाक्य काय बोलला माहितीये? “सॉरी ताई, माझ्यामुळे तुझा गड राहिला.”

खरं सांगू, मला तिथे रडू आलं. त्याला ओकेपर्यंत मी चालवलं होतं आणि सॉरी तो म्हणत होता. मी म्हटलं, गड कुठे जात नाही. आणि आम्ही परत फिरलो.

उतरायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. वाडीत पोचलो तेव्हा पहिल्याच घराच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. आमची तोंडं बघून काही विचारलंच नाही. “पोराला सावलीला बसव.” आतून हंडा आला, तांब्या आला. भाऊ गटागट प्यायला लागला तर ओरडल्या, “घोटघोट पी, एकदम नको.” आम्ही तिघंही प्यायलो. मग मी त्याच्या डोक्यावर पाणी घातलं, मानेवर घातलं, हात धुतले, स्वतःचं तोंड धुतलं. हंडा जवळजवळ रिकामा झाला.

आणि मग मी पाहिलं, आजींची सून डोक्याला चुंबळ लावून निघाली. विहिरीवर. भर दुपारी एक वाजता. ती पाऊण तासाने परत आली.

म्हणजे मी ज्याने तोंड धुतलं ते पाणी नव्हतं, तो कोणाच्या तरी आयुष्यातला पाऊण तास होता. तोही उन्हातला. आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, कारण तिचं मार्च ते जून रोजचंच आहे.

घरी आल्यावर भाऊ दोन दिवसांत टणटणीत झाला. पण मला ती नदी सोडेना. सगळा डोंगर कोरडा, वाडीतली विहीर तळाला, आणि पाताळगंगा मार्चमध्ये भरलेली कशी? मग वाचायला बसले. तुम्हालाही हे ऐकून गंमत वाटेल.

त्या नदीतलं उन्हाळ्यातलं बरंचसं पाणी मुळात आपल्या बाजूचं नाहीच. लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तलाव बांधले. लोणावळा, वळवण, शिरवता. तिथलं पाणी खरं तर इंद्रायणीचं. इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. ते पाणी अडवून मोठ्या पाइपांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं, साधारण पाचशे मीटर खाली. त्यावर जनित्रं फिरवली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळायला लागली. आणि वीज करून झालेलं पाणी? ते पाताळगंगेत. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते. पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळवलं म्हणून.

पुढची गंमत ऐका. त्या पाण्यावर रसायनी-पाताळगंगेचे कारखाने चालतात. आणि जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून तेच पाणी पनवेल परिसरात येतं. आपल्या जुन्या पनवेलचं स्वतःचं धरण म्हणजे गाढी नदीवरचं देहरंग. ते उन्हाळ्यात तळ गाठतं, मग सोसायटीत टँकरची चर्चा सुरू होते, हे तुम्हाला माहीतच आहे. अशा वेळी आपल्या नळाला जे येतं त्यात पाताळगंगेचा वाटा असतो.

म्हणजे मी वर उभी राहून ज्या नदीचे चाळीस फोटो काढत होते, ती माझ्या किचनमधल्या नळातून येत होती. आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या वाडीत डोक्यावर हंडे होते. नदी खाली, वाडी वर. पाइप माझ्याकडे येतो, तिकडे चढत नाही. मी दोष कोणाला देत नाहीये. फक्त एवढंच म्हणते की आपण डोंगरावरून ‘व्ह्यू’ बघतो तेव्हा त्यातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे माहीत असलं तर तो व्ह्यू वेगळा दिसतो.

जुन्या लोकांना हे कळत होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधायच्या आधी पाणी बघा असंच सांगितलंय. म्हणून गडांवर ती टाकी खोदलेली असतात. पावसाचं पाणी साठवायचं आणि वर्षभर मोजून वापरायचं. त्यांच्याकडे मोजणारी माणसं होती. आज टाक्यांत गाळ आहे, आणि मोजायचं काम आपलं आहे.

डिसेंबरमध्ये आम्ही परत गेलो. तेच तिघं. या वेळी उजाडायच्या आधी वाडीत होतो. प्रत्येकी चार लिटर पाणी. माथ्यावर पोचलो, दगडात खोदलेली टाकी पाहिली, एकात पाणी होतं, हिरवट. भाऊ म्हणाला, “ताई, हेच पिणार होतीस ना तू?” [हसते] अजूनही ऐकवतो.

तर आता पटापट, लिहून घ्या. माणिकगड करायचा तर नोव्हेंबर ते जानेवारी. मार्चनंतर नकोच, आणि जायचंच असेल तर साडेपाचला चालायला लागा आणि दहाच्या आत खाली या. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा, आणि परतीचं पाणी वेगळ्या बाटलीत, माथ्यावर पोचेपर्यंत तिला हात लावायचा नाही. निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून परत. ओआरएसची दोन पाकिटं प्रत्येकाच्या बॅगेत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. फोटो बघाल तर महिना बघा. वाडीतल्या माणसाला विचारा आणि तो जे सांगेल ते ऐका. वाडीत पाणी मागायची वेळ आली तर प्यायला मागा, तोंड धुवायला नको. आणि डोंगरावर सिगारेट, शेकोटी काही नको, तो काळा उतार मी पाहिलाय.

आणि शेवटचं. ग्रुपमध्ये जो सगळ्यांत जास्त बोलतो तो गप्प झाला, की थांबा. त्याला विचारू नका, तो ‘ठीक आहे’च म्हणणार. तुम्हीच सांगा की मला बसायचंय. परत फिरायचं असेल तर तेही स्वतःच्या नावावर घ्या. एवढं केलंत तर कोणाला सॉरी म्हणावं लागणार नाही.

चला, थांबते. आजींच्या वाडीला डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा आई सोबत बेसनाचे लाडू देणार होती. मी म्हटलं, दे, पण आधी हंडा भरून देते मी. विहिरीवर गेले, कळशी डोक्यावर घेतली आणि वीस पावलांत निम्मी अंगावर सांडली. सगळी वाडी हसली. काही हरकत नाही. शिकेन.

भेटू पुढच्या भागात. पाणी प्या!